बाजाराची बातमी : सोपाऱ्यापासून पॉडकास्टपर्यंत

विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये पूर्वी माणसांच्या हातात घडी घातलेले वर्तमानपत्र दिसे. आता हात मोकळे असतात आणि कान भरलेले. कुणी गाणी ऐकतो, कुणी कीर्तन ऐकतो. पण बराच मोठा वर्ग त्या दीड तासात बाजाराच्या गोष्टी ऐकत असतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजाच्या दराचे काय केले, खनिज तेल कशामुळे चढले, यंत्रे विचार करू लागली तर कचेरीतल्या माणसाचे काय होणार, अमुक कंपनीचा शेअर धरावा की सोडावा. दोन जाणती माणसे समोरासमोर बसून बोलतात आणि तिसरे आपण, त्यांच्या बैठकीत गुपचूप जाऊन बसल्यासारखे, ते ऐकत राहतो. या प्रकाराला पॉडकास्ट म्हणतात.

यंत्र नवे आहे, यात शंका नाही. धंदा मात्र जुना आहे. दूरच्या बाजाराची बातमी आणि दूरच्या राज्यांच्या उलाढाली वसई-सोपाऱ्याच्या किनाऱ्यावर गेली दोन हजार वर्षे येत आहेत. कधी त्या शिडाच्या गलबतातून आल्या, कधी आगगाडीतून, कधी तारेतून, कधी आकाशवाणीवरून. वाहन बदलले की बातमीचा वेग बदलतो, आणि वेग बदलला की कुणाचे तरी घर वर येते आणि कुणाचे तरी बसते. हा खेळ आपल्या या टापूच्या इतिहासात कसा चालला ते पाहिले, तर आज कानात घालून घेतलेल्या त्या बोलण्याचे काय करावे याचा थोडाफार अंदाज येतो. तो अंदाज घेण्यासाठीच आजचे हे चार शब्द.

सुरुवात सोपाऱ्यापासून करू. नालासोपारा म्हटले की आज तुमच्या डोळ्यांपुढे फलाटावरची गर्दी उभी राहते. पण हेच प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा येथील स्तूप उकरला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यात उजेडात आला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

आता प्रश्न असा की, पाटलीपुत्रच्या राजाने आपले म्हणणे इतक्या दूर, समुद्राच्या काठी का कोरवून ठेवावे? उत्तर सोपे आहे. जिथे माणसे जमतात तिथे बोलावे. बंदरावर व्यापारी येतात, खलाशी येतात, यात्रेकरू येतात. तेथे ऐकलेली गोष्ट आपोआप दूरवर जाते. अशोकाच्या या मोठ्या लेखमालेत चौदा लेख आहेत. जेथे ती पुरी टिकली आहे तेथे तेराव्या लेखात पाच यवन राजांची नावे दिलेली सापडतात : अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मग आणि अलिकसुंदर. म्हणजे सीरिया, मिसर, मॅसिडोनिया या देशांत कोण राज्य करतो याची वार्ता त्या काळी आपल्याकडे दगडावर लिहिली जात होती. आणि हे लेख नुसते पाहायचे नव्हते. कलिंगातल्या धौली आणि जौगड येथील खास लेखांत स्पष्ट आज्ञाच आहे की, तिष्य नक्षत्राच्या दिवशी हे लोकांना ऐकवावे. ठरलेल्या दिवशी, ठरलेला मजकूर, सर्वांनी मिळून ऐकायचा. आकाशवाणीच्या माणसाला हे वाचून हा कोणी आपला पूर्वज असावा असे वाटले, तर नवल नाही.

परंतु यात एक उणीव होती. राजा बोलतो आणि प्रजा ऐकते. दगडाला उलट प्रश्न विचारता येत नाही.

प्रश्न विचारायची सवय खरी असते ती व्यापाऱ्याला. कारण चुकीच्या बातमीचे पैसे त्याच्या गाठीचे जातात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या किनाऱ्याची एक पोथी लिहिली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लेखकाचे नाव आपल्याला माहीत नाही, पण त्याचा धंदा प्रत्येक ओळीतून कळतो. मिसरहून जहाज जुलै महिन्यात सोडावे म्हणजे वारा साधतो. भडोचच्या नदीमुखाशी भरती-ओहोटी मोठी भयंकर असते, तेव्हा राजाचे कोळी नावा घेऊन सामोरे येतात, त्यांच्या मदतीने आत शिरावे. तिथे मद्य खपते. त्यातही इटलीच्या मद्याला पहिली पसंती. तांबे, कथील, शिसे, पोवळे हे सर्व चालते. सुगंधी तेले न्यावीत, पण फार महाग नकोत आणि फार जास्तही नकोत. सोन्या-चांदीची नाणी तिथल्या नाण्यांशी बदलली तर नफा होतो. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात, तगरहून, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या तेरहून, कापड येते.

वाचकहो, हा त्या काळचा व्यापारी पॉडकास्ट नव्हे तर काय? बाजार आहे, तंत्रविद्या आहे, कारण मोसमी वाऱ्यांवर जहाज हाकणे ही त्या काळची सर्वांत पुढारलेली विद्या होती. आणि राजकारणही आहे. भडोचच्या खालच्या बंदरांची नावे देताना तो आधी सोपाऱ्याचे नाव घेतो, मग कल्याणचे. आणि लगेच बजावतो की, कल्याण पूर्वी उघडे बंदर होते, पण सत्ता बदलल्यापासून तेथे अडवणूक होते; ग्रीक जहाज चुकून तेथे लागले तर पहारा बसवून त्याला भडोचला नेले जाण्याचा संभव आहे. कल्याण ते सोपारा हे अंतर ते केवढे! पण एका बंदरात माल विकता येतो आणि दुसऱ्यात जहाजच जप्त होऊ शकते. बातमी म्हणजे नुसता भाव नव्हे, भावामागची सत्ताही कळली पाहिजे, हे त्या अनामिक व्यापाऱ्याला पक्के ठाऊक होते.

या पोथीचा आणखी एक गुण आपण लक्षात ठेवू, कारण शेवटी तो कामास येणार आहे. माणूस स्वतः हिंडलेला आहे. आपल्या किनाऱ्याबद्दल तो बारकाईने बोलतो. ऐकीव प्रदेश आला की त्याचे बोलणे मोघम होते. कुठले हाताने चाचपलेले आणि कुठले कानावर आलेले, हे वाचणाऱ्याला कळत राहते.

मधली शतके आपण भरभर ओलांडू. बंदराचे महत्त्व सोपाऱ्याकडून वसईकडे सरकले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मग येते १८०२ साल. पुण्याजवळ होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव पळून वसईला आले आणि ३१ डिसेंबर १८०२ या दिवशी त्यांनी इंग्रजांशी तह केला. सहा हजार इंग्रजी पायदळ पदरी ठेवायचे, त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इंग्रजांशी शत्रुत्व असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचे नाही, अशी कलमे त्यात होती. हे शेवटचे कलम नीट पाहा. युरोपात इंग्रज आणि फ्रेंच यांचे हाडवैर. त्या वैराची सावली वसईच्या कागदावर पडलेली आहे.

इथे आपल्या विषयाशी संबंध येतो तो वेळेचा. लंडनला ही वार्ता पोचायला महिने लागत. लॉर्ड कॅसलरे हे तिकडचे मंत्री या तहावर नाराज होते; त्यांनी आपली टीका १८०४ मध्ये लिहून काढली. तोवर इकडे काय झाले होते? ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगर पडले, सप्टेंबरात असईची लढाई झाली. म्हणजे तह बरोबर की चूक यावर लंडनला वाद सुरू होईपर्यंत तहातून निघालेले युद्ध पेटलेसुद्धा. ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांना बातमी उशिरा कळली. आणि ज्यांच्या गावाचे नाव त्या तहाला मिळाले, त्या वसईच्या बागाईतदाराला आणि कोळ्याला विचारतो कोण!

तेव्हा तुम्ही म्हणाल, दोष उशिराचा आहे. बातमी लवकर आली असती तर बरे झाले असते. याची परीक्षा साठ वर्षांनी झाली, आणि ती चांगलीच महागात पडली.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेच्या संस्थानांचा कापूस इंग्लंडला पोचेना. लँकेशरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले आणि कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे हेच लोकांना कळेना. बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. या सर्वांचा सूत्रधार म्हणजे प्रेमचंद रायचंद. लिव्हरपूलचा भाव आपल्याला इतरांच्या आधी कळावा म्हणून टपालाची आगबोट बंदरात शिरण्यापूर्वीच ते आपल्या होड्या तिच्याकडे पाठवीत, असे सांगतात. दोन-चार तासांची आघाडी, पण तेवढ्यात सौदा उरकत असे.

याच धामधुमीत आपल्या भागात आगगाडी आली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा रस्ता गुजरातकडून वसईची खाडी ओलांडून १८६४ च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडला पोचला. गुजरातचा कापूस थेट मुंबईला जाण्याचा मार्ग खुला झाला. पुढल्याच वर्षी, १८६५ च्या आरंभी, इराणच्या आखातातून आलेली तार युरोपशी जोडली गेली. मजकुराची वाटेत मोडतोड होई, तरी जी बातमी आगबोटीतून महिन्याने यायची ती आता काही दिवसांत येऊ लागली.

आणि आली ती बातमी अशी की, ९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण गेले. युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस मोकळा झाला. भाव गडगडले. पण लोकांनी वायदे केले होते ते १ जुलैचे. जो शेअर घ्यायचा करार चढ्या भावाने केला, तो १ जुलैला घेतलाच पाहिजे. आणि आता त्याला गिऱ्हाईक नाही. बातमी लवकर आली, तरी दिलेला शब्द मागे घेता येत नव्हता. एकामागून एक पेढी बुडाली. खुद्द प्रेमचंद रायचंद यांचे दिवाळे वाजले. बॅंक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये मोडीत निघाली, आणि ती कशी बुडाली याची चौकशी करायला सरकारला आयोग नेमावा लागला.

आता हा अनर्थ बातमीच्या अभावी झाला काय? मुळीच नाही. बातम्यांचा सुकाळ होता. मुंबईत ‘मुंबई समाचार’ १८२२ पासून निघत होता, बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ला १८३२ मध्ये सुरुवात होऊनही तीन दशके लोटली होती. उणीव होती ती दुसरीच. जो तो आपल्या कानाने ऐकत होता आणि शेजारी श्रीमंत झाला म्हणून धावत होता. ‘हे सांगणारा कोण, आणि मी शेअर घेतला तर त्याचा फायदा काय?’ एवढे विचारायला कोणी थांबले नाही. कंपनीचे प्रवर्तक, तिला कर्ज देणारे आणि तिचे गुणगान गाणारे पुष्कळदा एकच असत.

सट्टा बसला, आगगाडी मात्र राहिली. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला परत फिरायची, दिवसाला एकच. या गाडीने वसईचे जे भले केले ते कोणत्याही शेअरने केले नाही. केळी, विड्याची पाने, भाजी, फुले, राजेळी केळ्यांची वाळवलेली सुकेळी, सारा माल मुंबईच्या दारात गेला. टोपल्या घेऊन जाणाऱ्या वसईकरणी मुंबईच्या गल्लीबोळांत ओळखीच्या झाल्या.

पण बातमीच्या बाबतीत बागाईतदार मागेच राहिला. १८७० मध्ये मुंबई-एडन-सुवेझ अशी समुद्राखालची तार पडली आणि लंडनचा भाव मुंबईत त्याच दिवशी कळण्याची सोय झाली. १८७५ मध्ये शेअर दलालांनी आपली संघटना बांधली. तीच आजचा मुंबई शेअर बाजार. कापसाच्या व्यापाऱ्याला लिव्हरपूलचा भाव तारेने कळायचा. वसईच्या माळ्याला दादरचा भाव केव्हा कळायचा? टोपली दादरला उतरली म्हणजे! आणि उतरलेली टोपली परत नेता येत नाही, हे घेणाऱ्याला माहीत असे. समुद्रापलीकडचा भाव जवळ आला, खाडीपलीकडचा दूरच राहिला.

ही दरी भरून काढण्याचे काम काही अंशी रेडिओने केले. २३ जुलै १९२७ ला मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा ते एका खासगी कंपनीचे होते. कंपनी बुडाली, आणि १९३० पासून ते काम सरकारने हाती घेतले. पुढे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम आले, बाजारभाव आले. भाव सांगणारा आवाज एकसुरी असे, त्याला नाट्य नव्हते, चढउतार नव्हता. परंतु त्याच्या पोटात दलाली नव्हती, हा त्याचा मोठा गुण.

या संदर्भात १९५६ सालचा एक प्रयोग मुद्दाम सांगण्याजोगा आहे. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, १५० गावांमध्ये, ‘रेडिओ शेतकरी मंडळे’ चालवली. गावातली पंधरा-वीस माणसे ठरल्या वेळी संचाभोवती जमत. कार्यक्रम ऐकत. संच बंद झाल्यावर खरे काम सुरू होई. हे आपल्या गावी जमेल का, बियाणे कुठले, खर्च किती, सांगणाऱ्याने स्वतः केले आहे का, अशी चर्चा चाले. शंका लिहून केंद्राकडे पाठवत आणि केंद्र त्यांची उत्तरे देई. प्रयोगाचे बोधवाक्यच होते : ऐका, चर्चा करा, कृती करा. मागाहून तपासणी झाली तेव्हा असे आढळले की, मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढले; नुसता रेडिओ असलेल्या गावांत ते त्या मानाने फारच थोडे वाढले. आवाज तोच, मजकूर तोच. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या अर्ध्या तासाने.

अशोकाच्या दगडाला जो प्रश्न विचारता आला नाही, तो या मंडळांनी विचारून दाखवला. म्हणून मला हा प्रयोग आपल्या श्रवणाच्या इतिहासातला फार मोलाचा टप्पा वाटतो.

आता आपण पुन्हा लोकलमध्ये येऊ. पॉडकास्ट हा शब्द २००४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या ‘गार्डियन’ पत्रात प्रथम छापला गेला. आयपॉड हे गाणी ऐकायचे यंत्र आणि ब्रॉडकास्ट म्हणजे प्रक्षेपण, यांची ती जोडगोळी. २०१६ नंतर आपल्याकडे मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि ही चीज घरोघर पोचली. रेडिओला वेळ असते, याला वेळ नाही. वाटेल तेव्हा लावावे, थांबवावे, मागे न्यावे. केंद्र नको, मनोरा नको. एक खोली आणि एक माईक पुरे. हे स्वातंत्र्य मोठे आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. जे ज्ञान एके काळी फोर्टातल्या पेढीवर बसणाऱ्यालाच मिळे, ते आज नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या मुलाला फुकट मिळते. ताळेबंद कसा वाचावा, रुपया का घसरतो, एखाद्या सामुद्रधुनीत जहाजे अडली की आपल्या गॅसच्या टाकीचे काय होते, हे त्याला कोणी तरी समजावून सांगतो आहे. प्रेमचंद रायचंद यांच्या होड्या होत्या. याच्या खिशात मोबाइल आहे.

पण इथेच फसगत होते. खिशात मोबाइल आला म्हणजे आपणही आघाडीवर आलो, असे वाटू लागते. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने, सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातल्या वायद्यांच्या व्यवहारात एक कोटीहून अधिक व्यक्तींनी हात घातला. त्यांतल्या दर शंभरांपैकी ९३ जणांना तोटा झाला. माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये; सर्वांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. आणि नफा कोणाला? २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर उलाढाल करणाऱ्या पेढ्या आणि परदेशी गुंतवणूकदार संस्था यांनी मोठा नफा मिळवला, आणि त्याचा शेकडा ९५ हून अधिक भाग माणसाच्या हाताने नव्हे, तर संगणकाच्या आज्ञावलीने केलेल्या व्यवहारांतून आला. दोन लाख रुपये म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. विरारच्या कित्येक घरांत ती मुलीच्या शिक्षणाची नाही तर आईच्या शस्त्रक्रियेची पुंजी असते.

अर्थ स्पष्ट आहे. ‘बातमी मला आधी कळावी’ ही शर्यत पूर्वी होडीने जिंकली, मग तारेने जिंकली, आता यंत्राने जिंकली आहे. पॉडकास्ट ध्वनिमुद्रित होऊन, कापला-जोडला जाऊन, आपल्या कानात शिरेपर्यंत त्यातल्या बातमीचा भाव बाजाराने केव्हाच पचवलेला असतो. तेव्हा त्या शर्यतीत विरारच्या प्रवाशाने धावण्यात हशील नाही. त्याच्या हाती दुसरी गोष्ट उरते, आणि ती थोडीथोडकी नाही : खातरजमा. समजून घेण्यासाठी ऐकायला वेग लागत नाही, सवड लागते. आणि सवड तर गाडीने दिलेलीच आहे.

खातरजमा करायची कशी? तीन साधे प्रश्न पुरतात. हा माणूस जे सांगतो ते त्याने स्वतः पाहिले-केले आहे, की हे ऐकीव? मी त्याच्या सांगण्याप्रमाणे वागलो, तर त्याला काय मिळते : जाहिरात, दलाली, की त्याच्या वर्गाची फी? आणि तो शिकवतो आहे, की नावाने शिकवणे सांगून सल्ला विकतो आहे? या तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व सेबीलाही पटलेले दिसते. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात तिने असे बंधन घातले की, जे केवळ शिक्षण देतात असे म्हणतात त्यांनी गेल्या तीन महिन्यांतले शेअरचे भाव वापरून शिकवू नये. ताजा भाव घेऊन सांगितलेली गोष्ट ही शिकवण राहत नाही, ती टीप होते. आणि सल्लाच हवा असेल तर सल्लागाराची नोंदणी आहे की नाही हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. १८६५ च्या माणसाला ही सोय नव्हती.

चौथी गोष्ट प्रश्न नव्हे, रीत आहे. पॉडकास्ट हा एकट्याने ऐकायचा प्रकार होऊन बसला आहे. डब्यात शंभर माणसे, शंभर कान वेगळे. कुणी घाबरला तर एकटा घाबरतो, कुणाला हाव सुटली तर तीही एकट्याला. आपल्या लोकलला तर मंडळांची केवढी परंपरा! भजनी मंडळे आहेत, पत्त्यांचे अड्डे आहेत. आठवड्यातून एक दिवस चार जणांनी तोच भाग ऐकावा आणि विरारपासून बोरिवलीपर्यंत त्यावर वाद घालावा, यात अशक्य ते काय? एखादा बँकेत असेल, एखाद्याची केळीची बाग असेल, एखादा गोदीत कामाला असेल. पॉडकास्टमधल्या पंडिताला जे माहीत नाही ते या तिघांपैकी कुणाला तरी माहीत असते. १९५६ च्या शेतकऱ्यांनी संचाभोवती बसून जे केले, तेच आपण गाडीत बसून करायचे.

शेवटी त्या जुन्या ग्रीक व्यापाऱ्याकडे वळू. सोपारा, कल्याण पार करून, दक्षिणेला वळसा घालून, गंगेच्या मुखापर्यंत त्याची पोथी जाते आणि मग चीनच्या पलीकडे येऊन थांबते. तेथे तो सांगून टाकतो की, यापुढचा प्रदेश कडक थंडीमुळे म्हणा किंवा दैवी शक्तीमुळे म्हणा, कुणाला शोधता आलेला नाही. बस्स, तिथे पोथी संपते. पुढचे त्याने रचून सांगितले नाही. तुम्ही रोज सकाळी ज्याला ऐकता, तो इतक्या भागांत एकदा तरी असा थांबला आहे का, एवढे उद्याच्या प्रवासात तपासून पाहा.